नऊ पॉइंट आठ

सिकंदर शिकलगार यांच्या डोक्यावरचे केस वयानं गेले नाहीत, संतापानं गेले, असं त्यांची बायको हुसेनबी अख्ख्या गल्लीला सांगते. "अल्लानं ह्यास्नी जीभ दिली, पण तिला दावं द्यायचं इसरला," असंही तिचं म्हणणं. तिचं काही चुकत नाही. रस्त्यात आडव्या लावलेल्या उसाच्या ट्रॉलीवरून, उशिरा आलेल्या एसटीवरून, चहात कमी पडलेल्या साखरेवरून हा माणूस भांडलेला आहे. एकदा तर मेहुण्याच्या लग्नाला वऱ्हाड वेळेवर निघेना म्हणून गडी सगळ्यांना सोडून एकटाच पुढं गेला आणि मांडवात नवरदेवाची वाट बघत बसला.

नोकरी म्हणाल तर प्रयोगशाळा परिचर. म्हणजे ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेची किल्ली ज्याच्या कमरेला असते तो माणूस. पोरं त्यांना सिकंदरमामा म्हणतात, मास्तर मामा म्हणतात आणि संस्थेचे चेअरमनही मामाच म्हणतात. गावाचं नाव विचारू नका. कडेगावच्या बाजूला आहे, चहूकडं ऊस आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की उद्या कुणीतरी अब्रूनुकसानीची नोटीस धाडायचं.

मामा शिकलेले दहावी. पण नोकरीला लागले तेव्हा रसायनशास्त्राला एक थोरात सर होते, हाडाचे मास्तर. त्यांनी मामांना वजनकाटा शिकवला, द्रावणं करायला शिकवली. थोरात सर रिटायर होऊन गेले, पण मामांच्या हातात ती विद्या राहिली. कुठल्या बाटलीत काय आहे ते हा माणूस बूच न काढता सांगतो. काचेचं एखादं भांडं फुटलं तर घरातलं कुणी दुखावल्यासारखं तोंड करतो, आणि मग फोडणाऱ्याचा उद्धार करतो.

आता मामांच्या रागाचं मूळ सांगतो. सहा वर्षं झाली, ती प्रयोगशाळा बंद आहे. बंद म्हणजे कुलूप, परीक्षेपुरतं निघेल तेवढंच. आणि कागदावर? कागदावर अकरावी-बारावी सायन्सला वर्गात ऐंशी-ऐंशी पोरं आहेत. नाव इथं, पोरगं तिथं. 'तिथं' म्हणजे सांगलीला, क्लासमध्ये. सकाळी सातपासून तिथं वातानुकूलित खोलीत बसायचं, नीट आणि सीईटीचे गठ्ठे सोडवायचे, आणि बारावीचा फॉर्म भरायला एक कॉलेज पाहिजे म्हणून नाव आमच्या उसाच्या गावात ठेवायचं. क्लासवाले खूश, संस्था खूश, आईबाप खूश. हजेरीपट शनिवारी एकदाच भरला जायचा. रसायनशास्त्राचे घाडगे सर एक पेन घ्यायचे, चहा घ्यायचे, आणि आठवड्याभराच्या ऐंशी पोरांना दहा मिनिटांत हजर करून टाकायचे. सरकारनं बायोमेट्रिक मशीन लावायला सांगितलं तर तेही लावलं, वर प्लास्टिकची पिशवी घालून. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

"ह्या पोरास्नी बारावीत काचेची नळी धरता येत न्हाई, आन उद्या हीच डाक्टर हुन माझ्या दंडात सुई खुपसणार," असं मामा स्टाफरूममध्ये उभं राहून म्हणायचे. मास्तर हसायचे. मामा हसत नसत.

त्या ऐंशी नावांत तीन पोरं खरोखरची होती. क्लास परवडत नाही म्हणून रोज शाळेत येणारी. त्यातली दोघं दिवाळीनंतर यायची बंद झाली, कारण येऊन करायचं काय? उरली एक. पल्लवी जोतीराम सरगर. बाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाटाखाली गेलेला, आई मंगल दुसऱ्याच्या रानात भांगलायला. पोरगी सहा किलोमीटर सायकल मारत यायची, ऐंशी बाकांच्या रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि घाडगे सर यायची वाट बघायची. ते आले की उठून उभी राहायची. एकटीच.

"अगं, एकटीपुढं काय बोलायचं?" घाडगे सर म्हणायचे. "मोबाईलवर सगळं आहे. बघत जा."

"सर, पुस्तकातलं मोबाईलवर दिसतं. पण टायट्रेशन बोटानं वर सरकवून हुतं का?"

सर निघून गेले. वाईट माणूस नव्हता हो. आधी चांगलं शिकवायचा. पण रिकाम्या बाकांपुढं सहा वर्षं पगार घेतला की माणसाची लाज झिजते.

पोरीचा हिशेब साधा होता. बारावीनंतर सांगलीला बीएस्सी करायचं, केमिस्ट्री घेऊन. पण सांगलीला राहायचं तर मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा पाहिजे, आणि ती जागा बारावीच्या टक्क्यांवर मिळते. वसतिगृह नाही तर सांगली नाही, सांगली नाही तर शिक्षण नाही. आदल्या वर्षी त्याच गावच्या सोनम नावाच्या पोरीची जागा अर्ध्या टक्क्यानं गेली होती. सोनम आता घरीच असते, आणि पल्लवीला रस्त्यात दिसली की खाली बघते. म्हणून पल्लवीला एकेक मार्क पाहिजे होता.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. मामा ओट्यावर बसून कुलपाला तेल देत होते. बंद खोलीच्या कुलपालाही दर महिन्याला तेल देणारा हा माणूस.

"मामा, किल्ली द्या."

"किल्ली?" मामांनी वर बघितलं. "किल्ली काय तुझ्या बापाची हाय व्हय गं?"

"न्हाई," पोरगी म्हणाली. "सरकारची हाय. म्हणूनच मागाय आलीया. बापाची असती तर मागितली असती का?"

मामांच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली. तीस वर्षांत त्यांच्यावर कुणी असं उलटून बोललं नव्हतं. घशात आलेली शिवी त्यांनी गिळली, आणि काय झालं कोण जाणे, उठून दार उघडलं. "ये. पण काय फोडलंस तर कान उपटून हातात दीन."

तिथून पुढं दोन महिने रोज सकाळी तास भरला. ज्याला सरकार पगार देतं तो मास्तर स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र वाचत होता आणि दहावी पास परिचर शिकवत होता. आणि शिकवणं कसलं? नुसती आरडाओरड. "आधी ब्युरेट खंगळून घे! न्हाई, पाण्यानं न्हवं, त्याच द्रावणानं! खाली चोचीत बुडबुडा अडकलाय, डोळं कुठं हायती तुझं?" विहिरीत टाकतात त्या जांभळ्या परमँगनेटचं द्रावण ब्युरेटमध्ये, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या काचेच्या नळीत भरायचं, आणि खालच्या फ्लास्कमधल्या द्रावणात थेंब थेंब सोडायचं. पडलेला थेंब विरघळून नाहीसा होतो. एका थेंबाला मात्र विरघळायची जागाच उरत नाही. फिकट गुलाबी छटा येते आणि टिकते. तिथं थांबायचं, आणि किती द्रावण खर्ची पडलं ते आकड्यावर वाचायचं. हेच ते टायट्रेशन, आणि वाचलेला आकडा म्हणजे रीडिंग. "रंग गडद हाय, म्हणून वरची कड वाच. खालची कड वाचशील तर खोटं वाचशील."

पहिल्या आठवड्यात पोरगी रोज चुकली. एकदा चिडून म्हणाली, "असं वरडत ऱ्हायलासा तर मला जमणार कसं?"

"मी वरडलो न्हाई तर मलाच जमायचं न्हाई!" मामा म्हणाले. त्यावर दोघंही हसली, आणि त्या दिवसापासून तिचं रीडिंग बरोबर यायला लागलं.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची परीक्षा आली. ही परीक्षा आमच्याकडं कशी होते ते माहीत नसेल तर ऐकून घ्या, आणि मग रात्री झोप लागली तर बघा. बाहेरच्या कॉलेजचा एक परीक्षक येतो, त्याची बडदास्त ठेवायची. सांगलीहून ट्रॅव्हलर गाड्या भरून पोरं येतात. प्रयोगशाळेच्या आतल्या फळ्यावर, दाराच्या मागं, रीडिंग लिहिलेलं असतं. नऊ पॉइंट आठ. हा आकडा थोरात सरांच्या काळातला. एका वर्षी द्रावण असं नेमकं झालं होतं की खरोखर तेवढंच यायचं. थोरात सर गेले, आकडा राहिला. दरवर्षी सगळी पोरं तोच लिहितात, सगळ्यांना तीसपैकी एकोणतीस मिळतात. द्रावणात काय आहे, आहे की नाही, कुणी बघत नाही. घाडगे सर मामांना म्हणायचे, "मामा, रंग आला की झालं." आणि मामा शिव्या देत का होईना, चिमूटभर परमँगनेट पाण्यात टाकून रंग आणून द्यायचे. त्यांचंही त्यात पाप होतंच, ते काही नाकारत नाहीत.

यंदा मात्र मामांनी वजन केलं. कारण बॅचमध्ये एक पोरगी अशी होती की ती खरोखर ब्युरेट सोडणार होती. दोन लिटरला सव्वासहा ग्रॅमच्या वर परमँगनेट लागतं. बाटली काट्यावर झटकली तर पाच ग्रॅम निघालं. नवीन बाटलीची मागणी मामांनी तीनदा लिहून दिली होती, तीनही कागद ऑफिसात गडप झाले होते.

मामा घाडगे सरांकडं गेले. "सर, माल कमी हाय. द्रावण पातळ हुणार, रीडिंग वाढणार. बाराच्या वर जाईल. फळ्यावरचा आकडा बदला."

"कुणाला करून बघायचंय मामा? राहू दे."

"एक पोरगी करून बघणार हाय."

"तिला सांगा फळ्यावरचं लिहायला." सर मोबाईलमध्ये बघत म्हणाले.

मामांनी बाटलीला चिठ्ठी लावली, 'दोन लिटरला पाच ग्रॅम', खाली सही आणि तारीख. त्यांना वाटलं, आपलं काम झालं.

पहिल्या बॅचला वीस पोरं होती. चेअरमनचा नातू शंभूराज त्यातच होता. त्यानं ब्युरेट उलटी धरली, बराच वेळ तिच्यातून शेजाऱ्याकडं बघितलं, आणि मग फळ्यावरचं उतरून घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला. एकोणीस पोरांची ब्युरेट कोरडी ठणठणीत राहिली. विसाव्या टेबलाशी पल्लवी थेंब मोजत होती. बारा पॉइंट चार. परत केलं. बारा पॉइंट चार. तिसऱ्यांदा केलं, तेच.

घाडगे सर तिच्यामागून जाता जाता हळूच म्हणाले, "नऊ पॉइंट आठ लिही गं. दाराच्या मागं आहे."

"सर, माझं बारा पॉइंट चार येतंय. तीन डाव आलंय."

"म्हणजे तीनदा चुकलंय."

दारात उभ्या असलेल्या मामांनी हे ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण परीक्षा चालू होती. परीक्षेत बोलायचं नाही हा नियम थोरात सरांनी घालून दिलेला. मामा मूग गिळून उभे राहिले. पोरीनं मान वर न करता पेपरवर बारा पॉइंट चार लिहिलं.

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत जेवण होतं. बाहेरच्या परीक्षक शेलार मॅडम, मूळच्या मेढ्याच्या, नोकरी कराडकडं. शांत बाई. प्राचार्य, घाडगे सर आणि मॅडम जेवायला बसले होते, मामा वाढत होते, आणि पाण्याच्या जगाशेजारी पहिल्या बॅचची मार्कांची यादी उघडी पडली होती. मामांना उलटा कागद वाचता येतो. एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस, अठ्ठावीस, एकोणतीस. आणि खाली, सरगर पल्लवी जोतीराम, अठरा.

अकरा मार्क. सहाशेतले अकरा म्हणजे जवळजवळ दोन टक्के. अर्ध्या टक्क्यानं घरी बसलेली सोनम मामांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

"हे अठरा कुणी लिवलं?" मामांच्या हातात रश्श्याची वाटी होती.

"मामा, भात आणा," घाडगे सर म्हणाले.

"भात जाऊ दे वड्याला! हे अठरा कुणी लिवलं?"

"अहो, रीडिंग चुकलंय तिचं," सर म्हणाले. "एकोणीस पोरांचं नऊ पॉइंट आठ आणि हिचं एकटीचं बारा. विसांतले एकोणीस चुकीचे असतील का?"

"असतील!" मामा ओरडले. रश्श्याची वाटी त्यांनी टेबलावर अशी आदळली की घाडगे सरांच्या पांढऱ्या शर्टावर तिखट उडालं. "असतील न्हवं, हायती! मी सोताच्या हातानं तोललंय ते. तुमास्नी सांगितलं हुतं का न्हवतं? बोला की! का आता जिभंला चिकटा आला?"

प्राचार्य उठून उभे राहिले. "सिकंदर, आवाज खाली. पाहुण्या बसल्यात. आणि दोन वर्षं राहिलीत तुझी रिटायरमेंटला, ध्यानात ठेव."

मामा खोलीतून निघून गेले. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पाच मिनिटांत मामा परत आले, एका हातात ब्युरेट लावलेला लोखंडी स्टँड, दुसऱ्या हातात चिठ्ठीची बाटली, काखेत फ्लास्क आणि त्यात घालायचं द्रावण, खिशात मापाची नळी, पिपेट. ताटं कोपरानं बाजूला सारून त्यांनी भाकरीच्या टोपलीशेजारी स्टँड उभा केला. ब्युरेट खंगळली, भरली, बुडबुडा काढला. तोटी हळूच सोडली. खोलीत कुणी घास उचलला नाही. फ्लास्कमध्ये थेंब पडत राहिले, विरघळत राहिले. मग गुलाबी छटा आली आणि राहिली.

"मॅडम, वाचा," मामा म्हणाले. "वरची कड वाचा."

शेलार मॅडमनी चष्मा लावला, खाली वाकल्या. म्हणाल्या, "बारा पॉइंट चार."

"हां! आता त्या एकोणीस जणांतल्या कुणालाबी बोलवा. चेअरमनच्या नातवाला बोलवा. हे यंत्र उभं कसं करायचं एवढंच इचारा, वर्षभराचा पगार हारतो मी."

आणि इथं खरा घोळ झाला, मामांच्या ध्यानात न आलेला. पोरीचं बरोबर म्हणायचं तर एकोणीस पोरांचं खोटं म्हणावं लागणार. वीस मार्कशिटा बदलायच्या, चौकशी, बोर्डाचं पत्र, संस्थेचं नाव, सांगलीच्या क्लासवाल्यांचे फोन. आणि मॅडमच्या स्वतःच्या कॉलेजातही एक फळा होता, त्याच्यावरही एक आकडा होता. त्यांच्या चेहऱ्यावर तो स्पष्ट दिसत होता.

प्राचार्यांनीच वाट काढली. असल्या वाटा काढूनच माणूस प्राचार्य होतो. "त्या मुलीला बोलवा. तिचा पेपर तिच्याकडं द्या. तिनं रीडिंग दुरुस्त करावं, सगळ्यांसारखं. आपण तिला एकोणतीस देऊ. कुणाचंच नुकसान नको."

"म्हणजे?" मामांना समजेना. "तिचं खरं हाय, आन तिनंच खोडायचं?"

"एकोणतीस पाहिजेत की नकोत तिला?" प्राचार्यांनी विचारलं. "का तुझ्या तत्त्वापायी पोरीला घरी बसवतोस?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण मामांचं तोंड मिटलं. तीस वर्षं ज्या तोंडानं कुणाचं ऐकलं नाही ते तोंड अकरा मार्कांपुढं बंद झालं.

पल्लवी आली. घाडगे सरांनी तिला पेपर दिला, पेन दिलं, काय करायचं ते सांगितलं. तिनं टेबलावरचा स्टँड बघितला, ब्युरेट बघितली, सगळं समजली. कुणी वर्मी घाव घातल्यासारखी लाल झाली. म्हणाली, "माझं बरोबर हाय. ह्यांनी आत्ता करून बघितलंय, मला दिसतंय."

"बरोबर आहे बाळा," शेलार मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "तरी लिही."

"मामा?" ती मामांकडं वळली. "मी काय करू?"

सगळे मामांकडं बघायला लागले. मामांच्या मनात काय काय आलं असेल! पेपर फाड म्हणावं, ताटं उलटी करावीत, ह्या सगळ्यांना ओढत नेऊन त्या फळ्यापुढं उभं करावं. पण आपलं काही जाणार नव्हतं, जाणार होतं ते तिचं. आपण दोन वर्षांत पेन्शन घेऊन बसू आणि ही पोर सोनमसारखी रस्त्यात खाली बघत जाईल.

"लिही, पोरी," मामा म्हणाले. "नऊ पॉइंट आठ लिही."

तिनं लिहिलं. बारा पॉइंट चारवर एक रेघ मारली, वर नऊ पॉइंट आठ लिहिलं, तीन वेळा, कारण रीडिंग तीन असतात. तिला एकोणतीस मिळाले. हेही आत्ताच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. बारावीला तिला चौऱ्याऐंशी टक्के पडले, वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं, आणि ती आज सांगलीत बीएस्सी करते आहे. ते अकरा मार्क गेले असते तर लागलं नसतं, एवढी यादी घट्ट होती. म्हणजे मामांनी सांगितलं ते बरोबरच सांगितलं. कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल.

पण त्या दुपारी पेन खाली ठेवून ती दारापर्यंत गेली, आणि मागं वळून, डोळ्यांत पाणी नाही काही नाही, नुसता अंगार, मामांना म्हणाली, "मग मला शिकिवलं कशाला तुमी? उगाच शिकिवलंसा."

घाडगे सरांनी शर्टावरचा डाग पाण्यानं पुसायला घेतला आणि प्राचार्य म्हणाले, "चला, जेवण गार झालं."

दुसऱ्या बॅचची वीस पोरं त्याच दुपारी उरकली. दुसऱ्या दिवशी उरलेली चाळीस पोरं यायची होती. मामा सकाळी सगळ्यांच्या आधी आले. आदल्या रात्री ते जेवले नव्हते, हुसेनबीशी एक शब्द बोलले नव्हते, आणि ते बोलले नाहीत म्हणूनच ती घाबरली होती. त्यांनी प्रयोगशाळा उघडली. ते दोन लिटरातलं उरलेलं द्रावण, स्वतःच्या हातानं तोललेलं, सही केलेलं, बेसिनमध्ये ओतून टाकलं. मग स्वयंपाकाच्या खोलीत गेले. पाहुण्यांच्या कोशिंबिरीसाठी बीट आणले होते. त्यातले चार उचलले, किसले, फडक्यातून पिळले, नळाचं पाणी घातलं आणि बाटली भरली. रंग झकास आला.

त्या बिटाच्या पाण्यानं चाळीस ब्युरेटा भरल्या गेल्या. चाळीस पोरं आली, दाराच्या मागं बघून आली, नऊ पॉइंट आठ लिहून गेली. घाडगे सर टेबलांमधून दोनदा फिरले. शेलार मॅडम एका टेबलाशी थांबल्या, ब्युरेटच्या चोचीला लागलेला थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला. मामांकडं बघितलं. मामाही त्यांच्याकडं बघत उभे होते, हाताची घडी घालून.

मॅडमनी बोट रुमालाला पुसलं, खुर्चीवर जाऊन बसल्या आणि यादीवर सही केली. बिटाच्या पाण्यालाही एकोणतीसच मार्क पडले.